वाण्याची वही आणि तालुक्याची बँक

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस. पुणे जिल्ह्यातल्या तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले हे गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बाजाराला आलेली कुणबी मंडळी त्या दिवशी मारवाडी आणि गुजर दुकानदारांच्या दारात जमली आणि त्यांनी कागद मागितले. कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे, खात्यांच्या वह्या. हाती लागले ते सगळे पेटवून दिले. धान्याची दुकाने लुटली गेली, कुठे घरालाही आग लागली. पुढच्या दोन महिन्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण पोचले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या नजरेत तेव्हा एक गोष्ट भरली. सावकाराने जिथे कागद मुकाट्याने हवाली केले, तिथे जमाव बहुधा आणखी काही न करता परतला होता.

इतिहासाची साधने म्हटली की आपल्याला बखरी, सनदा, पत्रव्यवहार, पेशवे दप्तर आठवते. मीठ-मिरची विकणाऱ्या वाण्याची वही त्या यादीत सहसा नसते. सुप्याच्या शेतकऱ्याला मात्र तिची किंमत नेमकी ठाऊक होती. त्याची जमीन, बैल, पुढच्या हंगामाचे पीक आणि गावातली अब्रू त्या लाल कापडाच्या बांधणीत अडकली होती. महाराष्ट्राच्या खेड्यातला सामान्य माणूस काय खात होता, काय नेसत होता, केव्हा अडला आणि कसा सुटला, हे जाणायचे असेल तर दुकानाची वही आणि तालुक्याच्या बँकेचे खातेपुस्तक यांच्याइतके जवळचे साधन दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. ते वाचताना लेखणी कोणाच्या हातात होती, हे मात्र क्षणभरही विसरून चालत नाही.

खेड्यात दुकान आणि पेढी अशी दोन घरे फारशी नव्हतीच. ज्याच्याकडून मीठ, गूळ, कापड आणायचे त्याच्याकडूनच पेरणीला बियाणे, सारा भरायला रोकड आणि लग्नाला उचल घ्यायची. पीक आले की तेही त्यालाच घालायचे. म्हणून १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही हेही ओघानेच आले. एकाच माणसाच्या एकाच वहीत चार आण्यांचे तेल आणि चारशे रुपयांचे गहाण शेजारी शेजारी नांदत होते. पुढच्या काळातली दुकाने आणि बँका वेगळ्या झाल्या, तरी त्यांच्या हिशेबाची मुळे इथेच आहेत.

या वह्यांची व्यवस्था साधी आणि पक्की होती. दिवसभरात जे घडेल ते आधी कच्च्या वहीत टिपायचे. संध्याकाळी दिवा लागल्यावर ते रोजकीर्दीत तारीखवार उतरवायचे आणि गल्ल्यातली रोकड मोजून मेळ घालायचा. मग कीर्दीतली एकेक रक्कम उचलून खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. कीर्द काळाच्या क्रमाने चालते, खतावणी माणसांच्या क्रमाने. पान संपले की बेरीज मारून ‘मागील पानावरून पुढे’ म्हणून बाकी ओढायची. वर्षाची अखेर दिवाळीला. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांना हळदकुंकू लागायचे आणि पाडव्यापासून नवे खाते. छापील रेघांचे कागद नव्हते, तेव्हा कागदाला उभ्या घड्या घालून रकाने पाडत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. इंग्रजी पद्धतीच्या खतावणीत नावे बाजू डावीकडे असते. त्यामुळे जुन्या वहीला बसणाऱ्या आजच्या हिशेबनीसाला पहिला अर्धा तास सगळे उलटे दिसते.

असे एक पान डोळ्यांसमोर आणा. हे पान मी नमुन्यादाखल जुळवतो आहे, पण त्यातल्या खुणा अशा वह्यांतल्याच आहेत. वर मधोमध ‘श्री’. खाली ‘शके १८२७, आषाढ’. मग ‘अमुक बिन अमुक, कुणबी’ आणि गावाचे नाव. उजव्या रकान्यात एकाखाली एक: ज्वारी बियाणे, मीठ, गूळ, तंबाखू, रॉकेलची बाटली, एक खण. आकड्याच्या जागी ‘१॥=’ असे काहीतरी. ज्याला खूण माहीत नाही त्याला यातला एकच एक दिसेल. पण उभी रेघ म्हणजे पाव रुपया, म्हणजे चार आणे, आणि आडवी रेघ म्हणजे एक आणा. एक रुपया, दोन उभ्या रेघांचे आठ आणे, दोन आडव्यांचे दोन आणे, मिळून एक रुपया दहा आणे. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पईंचा पैसा. म्हणजे रुपयाच्या १९२ पया. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत ते याचसाठी. गल्ल्यावर बसलेल्या पोराला साडेतीन शेराचा सव्वा पाच आण्यांनी हिशेब तोंडी करावा लागे.

त्या रकान्यातला सगळ्यात बोलका शब्द पुन्हा पुन्हा येतो तो ‘ह.’, म्हणजे हस्ते. माल कोणाच्या हाती दिला याची ती नोंद. ‘ह. खुद्द’, ‘ह. मुलगा’, ‘ह. बायको’. खेड्यातल्या बाईच्या स्वतःच्या नावाचे खाते क्वचितच असायचे. जमीन नवऱ्याच्या नावे, कर्ज नवऱ्याच्या नावे. पण दुकानाची पायरी कोण चढत होते, तेलमीठ कोण नेत होते, महिन्यातून किती वेळा, हे त्या दोन अक्षरांत उमटून राहते. सरकारी दप्तरात जी बाई कुठेच सापडत नाही ती वाण्याच्या वहीत ‘हस्ते’ म्हणून सापडते. ही खूण कळल्यापासून मी जुनी वही हाती आली की आधी तोच रकाना वाचतो.

मापांच्या बाबतीत फार सावध राहावे लागते. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक बहुतेकांना माहीत असते, पण मण किती पायल्यांचा हे पेठेपेठेला बदलते, पायली स्वतःच लहानमोठी असते, आणि मापाचा शेर व वजनाचा शेर हे दोन वेगळे असतात. दोन गावांच्या वह्यांतले ज्वारीचे भाव शेजारी ठेवून ‘इथे स्वस्त, तिथे महाग’ म्हणण्याआधी दोन्हीकडची पायली तपासलीच पाहिजे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि मेट्रिक वजने १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने रुजली. त्या संक्रमणातल्या वह्यांत आणे आणि नवे पैसे एकाच पानावर भेटतात. आण्याचे नेमके सव्वासहा नवे पैसे होत, त्यामुळे सुट्या आण्यांचा हिशेब कुठेतरी कमीजास्त होणारच. चार आण्यांचे पंचवीस मात्र बिनचूक जुळत. ‘चार आणे’, ‘आठ आणे’ हे शब्द म्हणूनच पुढे कितीतरी वर्षे तोंडात राहिले.

तारखांचीही तीच गत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. दख्खनी फसली सनात ५९० मिळवावे. गुजराती-मारवाडी वह्यांत कार्तिकापासून चालणारा विक्रम संवत असतो, त्यातून कार्तिक ते डिसेंबरपर्यंत ५७ आणि पुढच्या महिन्यांसाठी ५६ वजा करावे. एवढे सूत्र हाताशी असले तरी अर्धे काम होते. उरलेले अर्धे म्हणजे मोडी. हिशेब बोरूने, ओळीची रेघ आधी ओढून, तिच्याखाली हात न उचलता लिहिलेले असतात. मोडी शाळांतून गेली त्याला दोन पिढ्या उलटल्या. आज दुकानदाराच्या स्वतःच्या नातवाला आजोबांची वही वाचता येत नाही.

आणि इथेच मूळ दुखणे आहे, कारण ज्याच्या नावे ती वही लिहिली जात होती त्यालाही ती तेव्हा वाचता येत नव्हती. मारवाडी दुकानदाराची लिपी तर गावच्या कुलकर्ण्यालाही परकी. कर्जरोख्यावर कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी, बाईची सही म्हणजे बांगडीची. शेजारी ‘दस्तुर अमुक’ म्हणून लिहिणाऱ्याचे नाव. पुढे नांगराच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा आला. वर काय लिहिले आहे ते ऐकीव आणि खाली निशाणी, अशा व्यवहारात विश्वासाचा सगळा भार एकाच बाजूवर पडतो.

तो भार कसा वापरला गेला हे समजायला थोडा हिशेब करावा लागेल. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे केली. व्याज वर्षानुवर्षे साचू नये हा हेतू. सावकाराने त्यातून वाट काढली ती अशी: दर तीन वर्षांनी जुने खत रद्द करून नवे लिहून घ्यायचे आणि साचलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून दाखवायचे. दरमहा शेकडा दोन रुपये या दराने शंभर रुपयांचे तीन वर्षांत ७२ रुपये व्याज होते. नवे खत १७२ चे. पुढच्या तीन वर्षांनी ते जवळजवळ २९६ चे, आणखी तीन वर्षांनी ५०९ चे. नऊ वर्षांत नवा पैसा एकही न घेता शंभराचे पाचशे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेऊ नये हा दामदुपटीचा जुना धर्मशास्त्रीय नियम होता, पण प्रत्येक नव्या खताबरोबर मुद्दलच नवे होत असल्याने तो कागदावर मोडलाच जात नव्हता. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण आयोगासमोर आले होते. दरम्यान फेडलेल्या रकमांची पावती क्वचितच मिळे. धान्य घातले तर त्याचा भाव दुकानदार ठरवणार आणि माप त्याच्याच पायलीने होणार. बियाणे उसने घेतले तर वाढीदिढीने परत करायचे, म्हणजे एका पायलीची दीड.

हे वर्षानुवर्षे चालत आले असेल, तर मग १८७५ लाच भडका का? अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. कापसाच्या भरवशावर दुकानदारांनी हात सैल सोडून उधार दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी आखडते घेतले आणि त्याची कळ खालपर्यंत, गावच्या दुकानापर्यंत आली. नेमक्या त्याच वेळी नव्या जमाबंदीत शेतसारा पन्नास ते शंभर टक्के वाढला. ज्याला कर्जाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच दुकानदार ‘आधीची बाकी आण’ म्हणू लागला. या दंग्यांचे महत्त्व वाजवीपेक्षा फुगवले गेले, असे नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ मध्ये मांडले होते. दंग्याची व्याप्ती मोजण्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. पण लोकांनी माणसांपेक्षा कागदांवर राग काढला, या गोष्टीचे वजन त्याने कमी होत नाही.

सरकारला ते वजन कळले होते. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला, तो जवळजवळ पूर्णपणे हिशेबाच्या कागदांविषयी आहे. न्यायाधीशाने खतावरचा आकडा खरा धरून न बसता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, पहिल्यांदा हातात किती पडले, परत किती आले, ते शोधावे. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत. शेतकऱ्याची खते गावच्या निबंधकासमोर लिहिली जावीत. भरलेल्या पैशाची पावती मिळावी, वर्षाला खात्याचा उतारा मिळावा, आणि शेतकऱ्याने मागितले तर त्याला हिशेबाचे पासबुक करून द्यावे. आज आपण बँकेत पासबुक छापून घेतो तेव्हा ते आपल्याला सोयीचे वाटते. दख्खनच्या शेतकऱ्याला ते हक्क म्हणून द्यावे लागले, कारण त्याच्याकडे स्वतःच्या कर्जाचा एकही कागद नव्हता.

कायदा चांगला होता, असे मी म्हणेन. पण लिहितावाचता न येणाऱ्याच्या हातात पासबुक देऊन लेखणी फिरत नाही. कोर्ट व्यवहाराच्या मुळाशी जाते म्हटल्यावर सावकारांनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि तोंडी वचन एवढेच की पैसे फेडलेस की जमीन परत. जोतीराव फुल्यांनी याच सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो हा सगळा काळ डोळ्यांसमोर ठेवूनच.

वह्यांचा पुरावा कोर्टात किती धरावा याचे उत्तर १८७२ च्या पुरावा कायद्याने दिले होते आणि ते आजही बदललेले नाही. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतली नोंद विचारात घेता येते, पण केवळ तिच्या आधारावर कोणाच्या माथी देणे मारता येत नाही. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. १९९८ मध्ये जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना म्हटले की सुटे कागद म्हणजे वही नव्हे. वाण्याच्या वहीची दोऱ्याने शिवलेली बांधणी ही अशी कायद्याच्या नजरेतूनही महत्त्वाची आहे: मधले पान काढले तर शिवण बोलते, नवे पान घुसवले तरी बोलते.

खोडाखोडीपासून बचाव करण्याची कला हुंडीत सर्वांत चांगली दिसते. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नाही. रुपये शंभर, ज्यांचे निमे पन्नास, त्यांचे दुप्पट शंभर, अशी ती फिरवून फिरवून लिहितात. शंभराचे कोणी हजार केले तर पन्नासाचे काय करणार? मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत पैठ आणि तीही गहाळ झाली तर तिसरी परपैठ, अशी सोय. याच दुकानदारांच्या नात्यागोत्याच्या जाळ्यातून एका पेठेतला पैसा दुसऱ्या पेठेत खडखडाट न होता पोचत होता. शेतकऱ्याला लुबाडणारी वही आणि अनोळखी शहरात विश्वासावर हजारो रुपये मोजणारी हुंडी एकाच गादीवर लिहिली जात होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि वाण्याच्या वहीचा अभ्यास करणाऱ्याला त्या एकत्रच पाहाव्या लागतात. सगळे दुकानदार लुटारू होते असे मानणाऱ्याला, वर्षानुवर्षे न फिटलेली खाती बुडीत म्हणून सोडून दिल्याच्या नोंदी कशा लावायच्या ते कळणार नाही.

सावकाराला पर्याय म्हणून सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात धारवाडकडच्या कणगिनहाळ गावी १९०५ मध्ये शेतकऱ्यांची पहिली सोसायटी निघाली. त्याही आधी, १८८९ मध्ये, बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती. सोसायट्यांच्या कागदांचे कौतुक होते ते त्यांच्या सभावृत्तांमुळे: कोणाला कर्ज नाकारले, का नाकारले, हे इथे प्रथमच लिहिले जाऊ लागले. पण फरक किती पडला? १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत आढळले की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के. सावकारांचा जवळजवळ ७० टक्के. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही खेड्याचे खरे खाते सावकार-दुकानदाराच्या वहीतच होते. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने त्या वहीला परवाना आणि ठरावीक नमुना लावला खरा, पण परवान्याशिवाय चालणारी सावकारी नमुन्यात कुठून यायची?

तालुक्याच्या बँकेची गोष्ट जरा वेगळ्या वळणाने जाते. दक्षिण महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छोट्या गावांनी स्वतःच्या बँका उभ्या केल्या. सांगली बँक १९१६ ची. पटवर्धनांच्या छोट्या संस्थानाच्या ठिकाणी, कुरुंदवाडला, १९२० मध्ये गणेश बँक निघाली. साताऱ्यात १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्नची सुरुवात झाली आणि कोल्हापुरात १९४३ मध्ये रत्नाकर बँक. या बँकांचे ग्राहक म्हणजे पेठेतला अडत्या, किराणा दुकानदार, गुळाचा व्यापारी, शाळामास्तर, पेन्शनर. कालपर्यंत स्वतः वही लिहिणारा वाणी इथे पहिल्यांदा दुसऱ्याच्या वहीत ‘नावे’ झाला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

बँकेच्या जुन्या खातेपुस्तकात सात रकाने असायचे: तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक, दिवस आणि गुणाकार. शिल्लक किती दिवस टिकली त्या दिवसांनी तिला गुणायचे, सहामाहीच्या अखेरीला सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि त्यावर व्याज काढायचे. ३० जून आणि ३१ डिसेंबरच्या रात्री तालुक्याच्या बँकेत दिवे जळत राहायचे ते यासाठी. एका खात्यात एक पैशाचा फरक आला की सगळे कर्मचारी मिळून तो शोधत बसायचे. या पुस्तकांतला मालतारण कर्जाचा भाग तर पेठेची नाडी सांगतो. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत व्यापारी माल गोदामात ठेवायचा, गोदामाला बँकेचे कुलूप लागायचे, आणि जेवढे पैसे भरील तेवढी पोती सोडवायची. कोणत्या महिन्यात पोती आत गेली आणि कोणत्या महिन्यात बाहेर आली हे लावून पाहिले की व्यापारी भाववाढीची वाट किती दिवस पाहत होता तेही कळते. दुसरा बोलका कागद जामीनकीचा. कोण कोणाला जामीन राहिले याची यादी म्हणजे गावातल्या विश्वासाचा नकाशा. जातीच्या, नात्याच्या, धंद्याच्या रेषा त्यात उघड दिसतात, आणि कधी कधी त्या ओलांडणारी एखादी सहीही.

बँकेच्या पुस्तकांना कायद्याने वेगळा मान आहे. १८९१ च्या कायद्यामुळे बँकेच्या नोंदीची प्रमाणित नक्कल कोर्टात चालते, मूळ पुस्तक घेऊन जावे लागत नाही. वाण्याला मात्र आपली वही काखेत मारून स्वतः उभे राहावे लागे. पण मान असला तरी बँका बुडतच होत्या. अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० मध्ये बुडाली, त्याच वर्षी केरळातली पलाई सेंट्रलही गेली, आणि या दोन धक्क्यांतून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा आला, तेव्हा खातेदारामागे १,५०० रुपयांपुरता. आज आपल्या ठेवीला जे संरक्षण आहे त्याच्या मुळाशी वऱ्हाडातल्या एका बँकेच्या ठेवीदारांचे बुडालेले पैसे आहेत. हे अकोल्यात तरी शाळेत शिकवले पाहिजे.

वर ज्या चार बँकांची नावे घेतली त्यांपैकी तीन अवघ्या दीड वर्षात नाहीशा झाल्या. २००६ मध्ये गणेश बँक फेडरल बँकेत गेली आणि युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये. २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. रत्नाकर बँक उरली, तिने २०१४ मध्ये आरबीएल हे नाव घेतले. ठेवीदारांच्या पैशाच्या दृष्टीने विलीनीकरण हेच बरे होते. कागदांच्या दृष्टीने तो मोठा धोका असतो. १९८५ च्या नियमांनुसार बँकांना आपली पुस्तके प्रकारानुसार पाच किंवा आठ वर्षेच जपून ठेवावी लागतात. दूरच्या शहरात मुख्यालय असलेल्या मोठ्या बँकेला पन्नास वर्षांपूर्वीच्या मालतारण नोंदवहीचा उपयोग तो काय? उलट बुडालेल्या बँकेचे कागद अवसायकाच्या ताब्यात आणि कोर्टाच्या दप्तरात जातात, त्यामुळे ते कधी कधी जास्त टिकतात.

दुकानांच्या वह्यांना तर असा कोणी वालीही नाही. १९८९ मध्ये आयकरासाठी सर्वांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष सक्तीचे झाले आणि दिवाळीचे हिशेबी वर्ष पूजेपुरते उरले. मग संगणक आला. जुन्या वह्या माळ्यावर गेल्या, घराची वाटणी झाली की रद्दीत गेल्या. जुन्नरच्या किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदावर काजळाच्या शाईने लिहिलेली दीडशे वर्षांपूर्वीची वही अजून करकरीत सापडते. पन्नास-साठच्या दशकातली गिरणीच्या कागदाची वही मात्र हात लावताच तुकडे पडते. म्हणजे जो काळ आपल्या आईवडिलांच्या आठवणीतला आहे त्याचेच कागद सर्वांत आधी संपणार आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली आणि कुरुंदवाडच्या पेठा पाण्यात होत्या. अशा पाण्यात भिजलेली वही लगेच उलगडून वाळवली नाही तर तिचा लगदा होतो.

मोठ्या लोकांची पत्रे संस्थांनी जपली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करत आहे, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहे, पुण्यात आणि कोल्हापुरात सरकारी पुराभिलेखागारे आहेत. वि. दा. दिवेकरांनी १९८१ मध्ये आर्थिक-सामाजिक इतिहासाच्या मराठी साधनांची पाहणी प्रसिद्ध केली, ती या वाटेवर निघणाऱ्या प्रत्येकाने आधी चाळावी. पण एखाद्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानाच्या सलग पन्नास वर्षांच्या वह्या एकत्र ठेवलेल्या आहेत, असे दृश्य फार दुर्मीळ. सुट्या एका वहीला फारशी किंमत नसते. सलग ओळीतच रॉकेल केव्हा शिरले, चहा-साखर सणाची वस्तू न राहता रोजची केव्हा झाली, दुष्काळाच्या वर्षी कोणाची खाती एकदम थांबली, हे दिसते.

एक अडचण खरी आहे आणि ती टाळू नये. या वह्यांत ज्यांची देणी लिहिली आहेत त्यांचे नातू-पणतू त्याच गावात राहतात. कोणाच्या आजोबाने किती बुडवले, कोणाची जमीन कशी कोणाकडे गेली, हे उघड करणे म्हणजे जुन्या जखमा उकरणे. त्यावर वह्या जाळणे हा उपाय नाही. नावे झाकून अभ्यास करता येतो, ठरावीक वर्षे उलटेपर्यंत न उघडण्याच्या अटीवर वह्या देता येतात.

तुमच्या घराण्याचे दुकान असेल, आडत असेल, गावच्या पतपेढीत किंवा बँकेत वडील नोकरीला असतील, तर माळ्यावरचे गाठोडे रद्दीवाल्याला देण्याआधी एवढे करा. शिवण उसवू नका, फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका, वह्यांची ओळ मोडू नका. गाठोड्यावर गाव, पेठ, दुकान आणि साल लिहा. घरात मोडी कोणाला येत नसेल तरी हरकत नाही, आजही तिचे वर्ग चालतात आणि वाचणारे मिळतात. मग जवळच्या पुराभिलेखागाराला, संशोधन मंडळाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला कळवा, आणि तुमच्या अटी लेखी घालून वह्या त्यांच्या हवाली करा.